समूहगीत बसवायला शिक्षकांना कुणी शिकवायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै अर्धा सरला की आमच्या भागातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत शिपाई वर्गावर वही घेऊन येतो. पंधरा ऑगस्टसाठी समूहगीत बसवावे, सोबत लेझीम, जमलं तर बँडपथकही. खाली मुख्याध्यापकांची सही. संगीत शिक्षक असेल तर त्याच्याकडे, नसेल तर 'मॅडम, तुम्ही गाता ना?' असं म्हणून मराठीच्या किंवा हिंदीच्या बाईंकडे हे काम जातं. आपल्या पत्रातून संगीत शिक्षकांच्या न भरलेल्या जागांविषयी अधूनमधून छापून येतं. ते यायलाच हवं. पण जागा भरल्यावर त्या शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांचा समूह उभा करता यावा म्हणून आपण त्याला काय शिकवतो, याविषयी मी कुठेच वाचलेलं नाही. त्यासाठी हे पत्र. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं संगीत शिकवते.

आमच्यासारखे शिक्षक तयार कसे होतात ते आधी सांगते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांच्या पायऱ्या चढत आपण विशारद होतो. गुरूंसमोर एकट्याने बसून शिकतो. त्यांच्या पट्टीत (म्हणजे 'सा' ज्या उंचीवर धरला त्या उंचीत) किंवा आपल्या पट्टीत, एकच गळा, एकच तबला. बडा ख्याल, छोटा ख्याल, ताना, तालांची दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लय. परीक्षकासमोरही एकटेच गातो. हे शिक्षण मला प्राणाहून प्रिय आहे आणि त्यात काही कमी करा असं मी कधीही म्हणणार नाही. पुढे नोकरीसाठी बी.एड. केलं, तिथे माझ्या अध्यापन पद्धती मराठी आणि इतिहास. सराव पाठ झाले ते पानिपताचे आणि विरामचिन्हांचे. आणि मग एका सोमवारी पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आठवीचे साठ विद्यार्थी समोर बसले. त्या साठ जणांना एका स्वरावर कसं आणायचं, हे तोवर मला कुणीही दाखवलेलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक संगीत शिक्षकांची हीच कथा आहे.

चांगलं गाणं आणि चांगलं गाऊन घेणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या शिकवण्याची नीट सोय आपल्याकडे नाही. मी जे शिकले ते भजनी मंडळाच्या बुवांकडून, क्रीडा शिक्षकांकडून, दुसऱ्या शाळांतल्या सहकाऱ्यांकडून आणि मुलांकडून.

रोज सकाळच्या परिपाठाचंच बघा. हजारभर मुलं एकत्र राष्ट्रगीत म्हणतात, म्हणजे शाळेतला सगळ्यात मोठा समूह रोज गातो. पण त्याला सुरुवातीचा स्वर कोण देतं? बहुतेक ठिकाणी माईकपाशी उभी असलेली खणखणीत आवाजाची मुलगी तिच्या मनाला येईल त्या पट्टीत सुरू करते. राष्ट्रगीत सुरुवातीला षड्ज, रिषभ, गंधाराच्या (सा, रे, ग) आसपास खेळतं, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. अडचण येते शेवटी 'जय हे, जय हे' सुरू होतं तिथे, कारण तिथे तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आहे. सुरुवात पेटीच्या पांढरी चार या उंच पट्टीत झाली असेल तर मुली तिथे किंचाळतात, आवाज फुटलेली मुलं गप्प होतात आणि उरलेली ओरडतात. तेच त्याहून खालच्या काळी एकमध्ये सुरू केलं तर मुलींना तार षड्ज झेपतो आणि नववी-दहावीची मुलं खालच्या सप्तकात त्याच पट्टीत आरामात बसतात. आमच्या शाळेत आता परिपाठाला पेटी असते. दहावीतली एक मुलगी काळी एकचा षड्ज धरते, सगळे तो ऐकतात, मनात गुणगुणतात आणि मग सुरुवात होते. एवढ्याने शाळेचा आवाज बदलला. राष्ट्रगीताचा ठरलेला वेळ ५२ सेकंद आहे. पूर्वी आमच्याकडे ते बरंच रेंगाळायचं, कारण मागच्या रांगा पुढच्यांचं ऐकून मग म्हणायच्या. आता पायऱ्यांवर उभी राहून मी हाताने लय दाखवते आणि मागच्या रांगा माझ्या हाताकडे बघतात.

पट्टी ठरवणं हा समूह चालवण्यातला पहिला धडा आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. पण तो एका दिवसात उतरत नाही. मधले काही महिने असे असतात की मुलाच्या हातात धड पाच-सहा स्वरच उरतात. वरचे गेलेले असतात, खालचे आलेले नसतात, मध्येच आवाज चिरकतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा खाली येतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. मुलींचं कुणाच्या लक्षात येत नाही, मुलग्यांचं सगळ्यांच्या लक्षात येतं आणि वर्ग हसतो. सातवीपर्यंत पुढे बसून गाणारा मुलगा आठवीत बाकाखाली मान घालतो. 'तुझा आवाज गेला, तू टाळ धर' असं त्याला सांगितलं जातं. आवाज गेलेला नसतो, येत असतो. हे शिक्षकाला माहीत नसेल तर तो मुलगा गाण्यातून कायमचा जातो. बघा, आपल्याकडे गाणाऱ्या पुरुषांची संख्या का रोडावते याची एक मुळी इथे असावी असं मला मनापासून वाटतं.

मी काय करते ते सांगते. शाळा सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत मधल्या सुट्टीत मुलांना दोघा-दोघांनी पेटीपाशी बोलावते. एकट्याला कधीच नाही, त्या वयात एकट्याने गायला लावणं म्हणजे शिक्षाच. गायला सांगत नाही, वीसपासून उलटे आकडे मोजायला सांगते. मोजताना आवाज जिथे टेकतो तो स्वर पेटीवर शोधते. बोलण्याचा हा स्वर धरून खाली दोन-तीन आणि वर चार-पाच स्वर 'आ'कारात म्हणवून घेते. वहीत नावापुढे लिहिते, कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत. दिवाळीनंतर पुन्हा हेच, कारण तोवर निम्म्या मुलांचं पान बदललेलं असतं. मग गाणं निवडताना ते मंद्रात कुठवर उतरतं आणि तारात कुठवर चढतं ते बघते आणि वहीशी ताडून पट्टी ठरवते. गाण्याला जी पट्टी शोभते ती आणि मुलांना जी झेपते ती यांत भांडण झालं तर मुलांची बाजू घ्यायची, हा माझा नियम.

आणि ज्यांच्याकडे पाचच स्वर आहेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी पाच स्वरांची ओळ बनवायची. पालुपद सुरू असताना खाली षड्ज-पंचमावर (सा-प) एक साधी ओळ, दोन मात्रांना एक शब्द. अंतऱ्याला ती मुलं थांबतात, पालुपदाला पुन्हा येतात. नववीतला एक मुलगा वडिलांबरोबर भजनात लहानपणापासून गायचा. आवाज फुटला तसं घरीही गाणं बंद केलं होतं. त्याला ही खालची ओळ दिली आणि त्याच्यासारख्या इतरांच्या मधोमध बसवलं. पहिल्या दिवशी ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या आठवड्यात पंचम ऐकू आला. वरची मुख्य चाल गाणाऱ्या मुली एकदम मागे वळून बघायला लागल्या, कारण त्यांचं गाणं अचानक भरदार झालं होतं. आता तो मुलगा दहावीत आहे आणि खालच्या आवाजाच्या मुलांचा सराव तोच घेतो.

हे सगळं मी कुठल्याही वर्गात शिकले नाही. पण हे शिकवता येण्यासारखं आहे, पाच-सहा दिवसांत शिकवता येण्यासारखं आहे. म्हणूनच मला राहवत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. आपल्या संगीतात समोर उभं राहून काठी हलवणारा माणूस नसतो. गवई स्वतःच बसल्या जागी मान, हात, डोळे यांनी साथीदारांना सांगत असतो. त्यामुळे आमची सवय पेटीवर बसून गाऊन घ्यायची. दहा जण असतील तर ते चालतं. चाळीस मुलं असली की पेटीवाल्या बाईंचं डोकं पट्ट्यांकडे, मुलांचं लक्ष बाईंच्या डोक्याकडे. कोण कुठे चुकलं ते दिसत नाही. पेटी सोडून उभं राहण्याचं धाडस करायला मला फार वेळ लागला, कारण आमच्यात पेटी सोडणं म्हणजे सूर सोडणं. आता पेटी एखाद्या विद्यार्थ्याकडे असते. मी समोर उभी राहते आणि सगळ्यात आधी श्वास दाखवते. ओळ सुरू होण्याआधी एक मात्रा हात वर उचलला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा, हात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खाली आला की शब्द. श्वास एकत्र झाला की सुरुवात आपोआप एकत्र होते, 'एक दोन तीन चार' ओरडावं लागत नाही. लांब ओळीत शब्द मधेच तुटू नये म्हणून कुठल्या रांगेने कुठे श्वास चोरायचा तेही ठरवून ठेवते. पहिली रांग इथे, दुसरी पुढच्या शब्दानंतर. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

लय पळणं हा सगळ्या शालेय समूहांचा जुना आजार. अंतऱ्याला चाल वर चढली की मुलांचा उत्साह चढतो, श्वास अपुरा पडतो, अपुरा पडला की ओळ लवकर संपवायची घाई होते आणि तबल्यावरचा मुलगा गर्दीमागे धावतो. केरवा तालाच्या आठ मात्रा बघता बघता निम्म्या वेळात संपतात. यावर ओरडून काही होत नाही. मी तबला बंद ठेवते. शब्द नुसते बोलायचे, टाळीवर, अगदी संथ. मग निम्म्यांनी गायचं, निम्म्यांनी टाळी धरायची, मग उलट. टाळी धरणाऱ्यांना गाणारे कुठे पळतात ते लख्ख ऐकू येतं आणि तेच सांगतात, 'बाई, तिसऱ्या ओळीला पळाले.' मी सांगितलेलं ते विसरतात, स्वतः पकडलेलं विसरत नाहीत. सुराचंही तसंच. पेटी बंद करून एक कडवं गाऊन घ्यायचं आणि शेवटी तंबोरा छेडायचा. किती उतरलो ते मुलं स्वतः ऐकतात. मिरज आमच्या जवळ आहे. तिथल्या सतारमेकर मंडळींकडे मुलांना घेऊन गेले तेव्हा भोपळ्यापासून जवारीपर्यंत तंबोरा कसा बोलता होतो ते त्यांनी पाहिलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण जिल्ह्यातल्या किती शाळांत एक तरी तंबोरा आहे? मोबाईलवरचा तंबोरा चालतो, मीही वापरते. लाकडाचा समोर असला की मुलं जास्त वेळ गप्प बसून ऐकतात, हा अनुभव आहे.

आता थोडं कटू बोलते. गेल्या काही वर्षांत शाळांत कॅराओके ट्रॅकचा सुळसुळाट झालाय. यूट्यूबवरून ट्रॅक उतरवायचा, स्पीकरला जोडायचा आणि मुलांनी त्यामागे गायचं. शिक्षकांना दोष देत नाही. ज्याला समूह चालवायला शिकवलंच नाही त्याला तयार लय आणि तयार सूर मिळाला तर तो घेणारच. पण ट्रॅकची पट्टी एका प्रौढ गायकाच्या गळ्याला बेतलेली असते, आठवीच्या मुलांच्या नव्हे. मुलगी अडखळली तर तबलजी एक आवर्तन थांबतो, मागे येतो, डोळ्यांनी 'चल' म्हणतो. यंत्र पुढे निघून जातं. मुलं एकमेकांचं ऐकायचं सोडून स्पीकरचं ऐकायला लागतात आणि समूहगीताचा जो गाभा, शेजारच्याचं ऐकून आपला आवाज बेतणं, तोच हरवतो. स्पर्धांमध्ये निदान माध्यमिक गटात तरी ट्रॅकवर बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धांविषयी आणखी एक. एका आंतरशालेय स्पर्धेत आमचा गट गायला. निकाल लागला, क्रमांक जाहीर झाले, ढाली वाटल्या आणि परीक्षक गाडीत बसून गेले. कुठल्याही शाळेच्या शिक्षकाला 'तुमच्या गटाची पट्टी एक स्वर खाली घ्या' किंवा 'मागची रांग ऐकू येत नव्हती' एवढंही कुणी सांगितलं नाही. वीस शाळांचे शिक्षक एका सभागृहात दिवसभर बसले होते, शिकण्याची याहून चांगली संधी कुठली? आयोजकांनी निकालाआधी अर्धा तास परीक्षकांना आम्हा शिक्षकांशी बोलायला लावावं. खर्च शून्य.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं मात्र कुणी समजू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं तेव्हाच त्यांच्या डोक्यात केवळ गवई नव्हते, शिक्षकही होते. त्यांनी वेगळा उपदेशक वर्ग चालवला, त्यातून तयार झालेले शिष्य पुढे गावोगाव शिकवायला गेले. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं ते याच मुशीतून. मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांची ही दृष्टी आम्हा सांगलीकरांना तर घरची वाटायला हवी. तिकडे मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना घेऊन वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग हे वाद्य बनवलं. ज्यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं अशा मुलांकडून वाजवून घेतलं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, समूहात गायला लावलं जायचं. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले कितीतरी वादक त्या शाळांतून आले. आजही गोव्यात गावागावांत भजनाची पथकं बांधली जातात आणि त्यांत मुलांचीही असतात.

आणि आपले वारकरी. मी समूह चालवायला सगळ्यात जास्त कुठे शिकले असेन तर शेजारच्या गावातल्या भजनी मंडळात. तिथले बुवा चौथीपर्यंत शिकलेले. तीस टाळकरी, एक पखवाज, एक वीणा. बुवा चाल सुरू करतात, दोन्ही बाजूंच्या रांगा उचलतात. नवखा टाळकरी कधीही टोकाला उभा राहत नाही, दोन जुन्यांच्या मध्ये असतो. लय वाढवायची ती बुवांच्या इशाऱ्यावर, पखवाजाने आधी घ्यायची, मग टाळांनी. म्हणजे कुणी शिकवायचं, कुणी कुणाचं ऐकायचं, कुणी कुणाला धरून चालायचं हे सगळं ठरलेलं. हेच मी शाळेत उचललं. कच्चा गळा दोन पक्क्या गळ्यांच्या मध्ये. खणखणीत आवाजाची मुलं पुढे नाहीत, मधल्या रांगेत, म्हणजे त्यांचा आवाज सगळ्यांना टेकू देतो आणि माईकवर त्यांचाच आवाज उरत नाही. बुवांना विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, 'आमच्या बुवांच्या शेजारी वीस वर्षं उभा होतो.'

शाळेतल्या नव्या शिक्षकाला वीस वर्षं कुणाच्या शेजारी उभं राहायला मिळत नाही. निदान एक सत्र मिळावं.

कागदावर सगळं अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको असं म्हटलंय. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षण हा शालेय अभ्यासक्रमाचाच भाग मानला आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या, शंभराहून अधिक पटाच्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलेलं आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आलं आणि ते शाळाशाळांतून म्हटलं जाऊ लागलं. म्हणजे गायला लावणारे आदेश भरपूर. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे क्लासला जाणारी मुलं वाढली, ही आनंदाचीच गोष्ट. पण ती मुलंही एकट्याने शिकतात, एकट्याने परीक्षा देतात. शाळेच्या समूहात आली की त्यांनाही शेजारच्याचं ऐकायला पहिल्यापासून शिकवावं लागतं.

प्रत्यक्षात जानेवारी उजाडला की दहावीच्या जादा तासांसाठी पहिली कात्री संगीताच्या तासिकेला लागते. पेटी प्रयोगशाळेत बीकरशेजारी ठेवलेली असते, तबल्याचं चामडं पावसाळ्यात सैल पडतं आणि चढवायला हातोडी सापडत नाही. हे प्रश्न मोठे आहेत आणि पैशांचे आहेत. मी आज जे मागतेय त्याला फारसे पैसे लागत नाहीत.

विशारदच्या प्रात्यक्षिकात उमेदवाराने पंधरा मुलांना एक अनोळखी गीत अर्ध्या तासात शिकवून दाखवावं. परीक्षकाने उमेदवाराचा गळा ऐकावाच, शिवाय त्याने मुलांची पट्टी कशी शोधली, ओळ कशी तोडून दिली, चूक ऐकली का, हे बघावं. अशा परीक्षेची तयारी करताना प्रत्येक गुरू आपोआप त्याविषयी बोलू लागेल. बी.एड.ला ज्यांना संगीत येतं त्यांना निदान दोन सराव पाठ समूहगायनाचे घेऊ द्यावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत संगीत शिक्षकांचं आणि ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं त्या भाषाशिक्षकांचं निवासी शिबिर घ्यावं, आणि तिथे भाषणं नकोत. सकाळी शिक्षकांनी स्वतः समूह बनून गावं, आळीपाळीने एकेकाने समोर उभं राहावं, दुपारी गावातली खरीखुरी मुलं बोलवावीत. शिकवायला तज्ज्ञ बोलवा, पण त्यांच्याबरोबर एखादे भजनी बुवा, एखादे लेझीम बसवणारे क्रीडा शिक्षक आणि चर्चमध्ये कॉयर चालवणारी एखादी ताईही बोलवा. लेझीम बसवणारे आमचे सर हलगीच्या एका थापेवर दोनशे मुलांना वळवतात. त्यांच्याकडून मी किती घेतलं ते त्यांना माहीत नसेल.

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या सत्रात आठवड्यातून एक दिवस जवळच्या शाळेतल्या अनुभवी शिक्षकाबरोबर काम करायची परवानगी शिक्षण विभागाने द्यावी. कर्तव्यावर धरून, रजा न कापता. याला एक परिपत्रक पुरेसं आहे.

ते परिपत्रक निघेपर्यंत थांबायची गरज नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्याकडे दुपारी एकपर्यंत समूहाचा सराव असतो. आमच्या मुख्याध्यापकांशी बोलले आहे, परिसरातल्या कुठल्याही शाळेच्या शिक्षकांनी येऊन बसायला त्यांची हरकत नाही. येताना आपल्या शाळेची चार मुलं आणली तर उत्तम, त्यांना आमच्या मुलांत बसवू आणि अर्धा तास तुम्ही समोर उभं राहा. मी मागे पेटी धरते. इतर तालुक्यांतल्या ज्या शिक्षकांकडे असे सराव चालतात त्यांनीही आपापल्या शाळेचे दिवस आणि वेळ आपल्या पत्राकडे कळवावेत आणि आपण ते सप्टेंबरच्या आत छापावेत, अशी विनंती आहे. सहामाहीनंतर स्नेहसंमेलनाची घाई सुरू झाली की मग कुणालाच वेळ मिळत नाही.

आपली,
एक संगीत शिक्षिका
जि. सांगली